कानबान बोर्ड कार्यशाळेनंतर महिनाभरात बंद पडतो : दालमिलवरील तपासणी आणि दुरुस्ती

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गटांच्या प्रक्रिया केंद्रांसाठी कानबानची (कामाचे टप्पे बोर्डावरच्या रकान्यांत चिठ्ठ्या लावून दाखवण्याची आणि एका वेळी चालू असलेल्या कामाला मर्यादा घालण्याची पद्धत) प्रात्यक्षिक कार्यशाळा घेणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. कार्यशाळेत लोक मनापासून भाग घेतात, रंगीत चिठ्ठ्या लावतात, बोर्डासमोर उभे राहून फोटो काढतात आणि महिना उलटायच्या आत तो बोर्ड भिंतीवर नुसता टांगलेला दिसतो. चिठ्ठ्या जिथल्या तिथे असतात, दोन-चार गळून पडलेल्या असतात आणि प्रत्यक्षात कोणाचा माल कुठे आहे हे विचारायचे झाले, तर सगळे पूर्वीप्रमाणे मॅनेजरच्या खिशातील डायरीकडेच वळतात. पुढल्या हंगामात पुन्हा कार्यशाळा होते आणि पुन्हा तेच घडते.

आयोजक याचे खापर बहुधा लोकांच्या मानसिकतेवर फोडतात आणि ‘गावात शिस्त लागत नाही’ असे म्हणून मोकळे होतात. हे निदान मला मान्य नाही. अशा ठिकाणी बारकाईने पाहिले तर बोर्ड सर्वांत शेवटी बंद पडलेला आढळतो. त्याच्या बऱ्याच आधी चालू कामाची मर्यादा मोडलेली असते, आणि ती मोडल्यावर बोर्ड पाहून कोणताही निर्णय घ्यायचा उरत नाही. ज्या गोष्टीवरून निर्णय होत नाही ती रोज अद्ययावत ठेवण्याचे कष्ट कोणीही शहाणा माणूस घेणार नाही. म्हणून खालील दुरुस्ती मर्यादेपासून सुरू होते. उदाहरण म्हणून सभासदांची तूर भरडून देणारी, शेतकरी कंपनीच्या मालकीची दालमिल घेतली आहे, कारण तूर हे विदर्भातील घरोघरचे पीक आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलमुळे अशी लहान केंद्रे गावपातळीवर उभी राहू शकली आहेत.

पहिली तपासणी

मिलवर जाऊन एकच प्रश्न विचारावा : ‘मर्यादा भरली म्हणून कोणाचा तरी माल थांबवून ठेवला, असे शेवटचे कधी झाले?’ मॅनेजरने नाव आणि दिवस सांगितला, तर मर्यादा जिवंत आहे आणि तुमची अडचण किरकोळ आहे. तो हसला किंवा ‘आपल्याकडे कोणाला नाही म्हणता येत नाही’ असे म्हणाला, तर बोर्डावर ‘वाळवण’ या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेला ६ हा आकडा केवळ शोभेचा आहे. मग रंगीत चिठ्ठ्या बदलणे, बोर्ड मोठा करणे, रोज सकाळी बोर्डासमोर उभे राहून बैठक घेणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. हे उपाय करून पाहण्यात मात्र बराच वेळ आणि पैसा खर्च होतो.

नाण्यांचा खेळ नेमके काय शिकवतो

बहुतेक कार्यशाळांत नाण्यांचा खेळ घेतात. चार माणसे ओळीने बसतात, प्रत्येकाने वीस नाणी एकेक करून उलटायची आणि पुढच्याला द्यायची. एक नाणे उलटायला एक सेकंद धरला आणि सगळी वीस उलटून झाल्यावरच पुढे सरकवली, तर पूर्ण काम ८० सेकंदांत होते आणि गिऱ्हाइकाला पहिले नाणेही ८० सेकंदांनीच मिळते. पाच-पाचच्या गटाने सरकवली तर पूर्ण काम ३५ सेकंदांत होते आणि पहिला गट २० सेकंदांनी हाती पडतो. एकेक नाणे सरकवले तर सगळे काम २३ सेकंदांत उरकते आणि पहिले नाणे चौथ्याच सेकंदाला पोहोचते. हे आकडे बोर्डावर मांडल्यावर सभागृहात जो गलका होतो तो खरा असतो, आणि म्हणूनच हा खेळ लोकप्रिय आहे.

परंतु हा खेळ गठ्ठा लहान ठेवण्याचा फायदा शिकवतो. त्यात मर्यादा भरल्यामुळे कोणाला हात बांधून बसावे लागत नाही, कोणाला नकार द्यावा लागत नाही आणि चौघांचाही वेग सारखाच असतो. दालमिलवर यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. खेळ संपल्यावर प्रशिक्षक ‘आता चालू कामाला मर्यादा घाला’ असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांनी अनुभवलेले एक असते आणि त्यांच्याकडून अपेक्षा वेगळ्याच गोष्टीची केलेली असते. खेळ ठेवायचा असेल तर आणखी एक फेरी घ्यावी. तिसऱ्या माणसाने प्रत्येक नाणे उलटण्यापूर्वी तीन आकडे मोजायचे, त्याच्यासमोर दोनपेक्षा जास्त नाणी ठेवायची नाहीत, आणि अधूनमधून मागून एखाद्याने येऊन ‘माझे नाणे आधी घ्या’ असा आग्रह धरायचा. आग्रह धरायला शक्यतो प्रत्यक्षातील एखादा संचालक बसवावा. या फेरीत हशा कमी आणि चरफड जास्त होते, पण मिलवर उद्या काय घडणार आहे ते इथे आधीच दिसते.

मर्यादेचा आकडा कुठून आणायचा

कार्यशाळेत मर्यादा सहसा चर्चेने ठरते, आणि चर्चेने ठरलेला आकडा चर्चेनेच बदलतो. दालमिलमध्ये आकडा जमिनीवर आखलेला असतो. तूर चाळून, प्रतवारी करून, घासून, तेल लावल्यावर ती उन्हात वाळवावी लागते, आणि वाळवणाच्या फरशीवर वेगवेगळ्या सभासदांचा माल एकमेकांत न मिसळता जितके लॉट (लॉट म्हणजे एका सभासदाचा एका वेळचा माल) मावतात तितकेच काम आत घेण्यात अर्थ असतो. समजा, फरशीवर ६ लॉट मावतात आणि घासणीपासून वाळवण उचलेपर्यंत एका लॉटला ३ दिवस लागतात. मग रोज सरासरी २ लॉट बाहेर पडतील. घासणीचे यंत्र दिवसाला ५ लॉट काढू शकते की ८, याने त्या दोनात काहीही फरक पडत नाही.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम हाच हिशोब सांगतो : आत असलेले सरासरी काम म्हणजे बाहेर पडण्याचा दर गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ. फरशी तेवढीच ठेवून १८ लॉट घासायला घेतले, तर दर २ लॉटचाच राहतो आणि प्रत्येक सभासदाला ३ ऐवजी ९ दिवस थांबावे लागते. ही गोष्ट कागदावर सांगून भागत नाही. मिलच्या आवारात, जिथे तेल लावलेली पोती भिंतीला टेकून फरशी रिकामी होण्याची वाट पाहत उभी असतात, तिथे उभे राहून ती पोती मोजायला लावली की मॅनेजर स्वतःच भागाकार करतो.

बोर्ड कार्यालयात, माल आवारात

टोयोटाच्या कारखान्यात टाइची ओहनो यांनी कानबानची पद्धत उभी केली, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेतील सुपरमार्केटचा नमुना होता : गिऱ्हाईक जेवढे उचलेल तेवढेच मांडणीवर पुन्हा भरायचे. १९५३ साली टोयोटाच्या मुख्य कारखान्यातील यंत्रशाळेत ती लागू झाली. तिथे कार्ड सुट्या भागांच्या पेटीसोबत फिरत असे, आणि कार्ड परत आल्याखेरीज मागच्या विभागाने नवे भाग बनवायचे नाहीत असा नियम होता. भिंतीवरचा रकान्यांचा बोर्ड पुढे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात रुळला आणि २००० नंतरच्या दशकात डेव्हिड अँडरसन यांनी त्या कामासाठी या पद्धतीची मांडणी केली, कारण संगणकातील काम डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून चिठ्ठी लागते.

आपल्या कार्यशाळांत हा सॉफ्टवेअरचा बोर्ड जसाच्या तसा दालमिलवर आणला जातो, जिथे माल डोळ्यांसमोर पोत्यांत पडलेला आहे आणि बोर्ड मात्र कुलूपबंद कार्यालयात, संगणक ऑपरेटरच्या मागच्या भिंतीवर आहे. वाळवणावर काम करणाऱ्या महिला त्या खोलीत दिवसातून एकदाही जात नाहीत. अशा ठिकाणी कार्ड पुन्हा मालासोबत फिरवणे हीच दुरुस्ती आहे, आणि ती स्वस्त आहे.

पत्र्याचे सहा बिल्ले कापून घ्यावेत, त्यांवर १ ते ६ आकडे रंगवावेत आणि ते वाळवणाच्या फरशीजवळ, वाळवण सांभाळणाऱ्या महिलेच्या ताब्यात ठेवावेत. घासणीवाल्याने नवा लॉट उघडण्याआधी तिच्याकडून बिल्ला आणायचा आणि तो पोत्याला बांधायचा. वाळलेली तूर फरशीवरून उचलली की बिल्ला तिच्याकडे परत जातो. बिल्ला नसेल तर पोते उघडायचे नाही. याचा परिणाम पहिल्याच गर्दीच्या दिवशी दिसतो. मॅनेजर घाईने येऊन म्हणतो, ‘ताई, हा माल आजच लावा’, आणि ताई फरशीकडे हात दाखवून म्हणतात, ‘भाऊ, एकही बिल्ला शिल्लक नाही. आधी एक लॉट उचला, मंग पोतं खोला.’ भिंतीवरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करता येते, पण हातात नसलेला बिल्ला पोत्याला बांधता येत नाही. कार्यशाळेला संचालक, मॅनेजर आणि ऑपरेटर यांनाच बोलावले असेल, तर हा बिल्ला ज्यांच्या हाती द्यायचा त्याच व्यक्ती गैरहजर असतात. मापाडी, हमाल, घासणीवाला आणि वाळवणावरील महिला यांना त्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावे. ती मजुरी खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली असावी.

बोर्ड आणि वही जुळत नाहीत

हे लक्षण फार ठिकाणी आढळते. वजन, दर आणि येणे रक्कम वहीत लिहिणे सक्तीचे असते, कारण पैशाचा प्रश्न असतो. बोर्डावरची चिठ्ठी हे त्यावरचे वाढीव लेखन ठरते आणि गर्दी वाढली की वाढीव लेखन आधी गळते. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. इथे चिठ्ठी लिहिणेच बंद करावे. वजन पावतीचे पुस्तक तीन प्रतींचे छापून घ्यावे : पहिली प्रत सभासदाला, दुसरी वहीला आणि तिसरी, वेगळ्या रंगाची, बोर्डावर. पावती क्रमांक तोच राहिल्याने जुळवाजुळव करावी लागत नाही. या तिसऱ्या प्रतीवर तीन तारखांच्या चौकटी छापाव्यात : माल आला, बिल्ला मिळाला, डाळ नेली. बाकी काही छापू नये. चौकटी वाढल्या की त्या कोऱ्या राहू लागतात.

‘माणूस बसून राहतो, ते दिसतं’

मर्यादा मोडण्याचे सर्वांत जुनाट कारण हे आहे, आणि कार्यशाळेत त्याचा उल्लेखही सहसा होत नाही. सहाही बिल्ले गुंतले की घासणीवाल्याला तासभर काम नसते. रोजंदारीवरचा माणूस यंत्राला टेकून बसलेला मॅनेजरला लांबूनही दिसतो. नऊ दिवस पडून राहिलेली तूर मात्र त्याला खुपत नाही, कारण तिला मजुरी द्यावी लागत नाही. मग ‘निदान घासून तरी ठेव’ असा हुकूम निघतो आणि बिल्ल्याशिवायचे पहिले पोते उघडले जाते. त्या दिवसानंतर बिल्ले खेळणी होतात.

यावर उपदेश चालत नाही. रिकाम्या वेळेत काय करायचे याची यादी आधीच ठरवून यंत्राशेजारी लावावी लागते, आणि त्या यादीतील प्रत्येक काम पुढचा माल बाहेर काढण्याला हातभार लावणारे असावे लागते : वाळवण पलटायला मदत करणे, वाळलेला लॉट भरडाईपर्यंत वाहून नेणे, भरलेल्या पोत्यांची तोंडे शिवणे, चाळण्या साफ करणे, डाळ तयार असल्याचा फोन सभासदांना करणे. घासणीवाला ‘ते माझं काम नाही’ म्हणू शकतो आणि त्याचे म्हणणे रास्तही असू शकते. म्हणून ही यादी त्याला विचारून करावी, त्याच्या मजुरीच्या बोलणीत ती समाविष्ट करावी आणि यंत्र थांबले म्हणून त्याची मजुरी कापली जाणार नाही हे सर्वांसमोर सांगावे. हे सांगितले नाही तर यंत्र चालू ठेवण्यात त्याचाही स्वार्थ राहतो.

तातडीचा माल

उत्पादक कंपनीत गिऱ्हाईक, भागधारक आणि मालक ही एकच माणसे असतात. कायद्याने अशा कंपनीला किमान १० उत्पादक लागतात आणि ५ ते १५ संचालक असतात; त्यांतील अनेकांच्या घरी स्वतःची तूर असते आणि प्रत्येकाचे भाऊबंद, सोयरे, शेजारी असतात. अशा ठिकाणी ‘तातडीचे काम घ्यायचेच नाही’ हा नियम टिकणार नाही, आणि तो टिकावा असेही मला वाटत नाही. उन्हाळ्यात लग्नसराई असते, घरात कार्य असताना डाळ वेळेवर मिळणे ही खरी गरज आहे.

म्हणून सातवा, लाल रंगाचा बिल्ला करावा, आणि तो एकच असावा. फरशीचा एक कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवावा. तसे करायला जागा नसेल तर साधे बिल्ले पाचच ठेवावेत. लाल बिल्ला कोणाच्या सांगण्यावरून दिला त्याचे नाव पावतीच्या तिसऱ्या प्रतीवर लिहावे आणि ती प्रत बोर्डावर सर्वांना दिसेल अशी लावावी. तातडीची व्याख्या, म्हणजे घरातील लग्न, तेरवी, दवाखान्यासाठी माल विकायची निकड, किंवा संचालक मंडळाला योग्य वाटतील ती कारणे, मंडळाच्या बैठकीत ठराव करून लिहून घ्यावी. ठराव करायला मंडळ टाळाटाळ करत असेल, तर तिथे कार्यशाळा पुढे ढकलावी, कारण मोडण्याचा अधिकार असलेल्यांनी नियम आधी मान्य केला नसेल तर तो राबवण्याचा भार वाळवणावरच्या ताईंवर टाकणे अन्यायाचे होईल.

पाऊस आला, वीज गेली

फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस किंवा गारपीट विदर्भाला नवी नाही, आणि ढगाळ हवेत वाळवण लांबते. अशा वेळी ‘अडकलेले’ लॉट बोर्डावरून बाजूला काढायचे आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे, ही पळवाट हमखास निघते. नियम असा ठेवावा की लॉट फरशीवर किंवा ताडपत्रीखाली आहे तोवर त्याचा बिल्ला त्याच्याकडेच राहील. अडकलेला माल मर्यादेत मोजला जातो. पोत्याला लाल फीत बांधावी आणि कारण पावतीच्या तिसऱ्या प्रतीवर एका शब्दात लिहावे : पाऊस, वीज, यंत्र, सभासद. थ्री फेज वीज ठरावीक वेळीच मिळत असेल, तर भरडाईच्या आधी वाळलेले लॉट साचणारच, आणि तिथे दोन-तीन लॉटची जागा मुद्दाम राखणे योग्य ठरते, म्हणजे वीज आल्याबरोबर यंत्राला माल मिळतो.

तयार आहे, पण नेलेले नाही

बोर्डाचा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी ‘पूर्ण’ असा असतो आणि तो अथांग असतो. भरडलेली डाळ, चुनी आणि टरफल अशी एकाच सभासदाची तीन-चार पोती गोदामात पडून राहतात, कारण सभासद आठवडी बाजाराच्या दिवशीच तालुक्याला किंवा मोठ्या गावाला येतो आणि त्याच फेरीत माल नेतो. परिणामी बाजाराच्या आदल्या दिवशी गोदामात पाय ठेवायला जागा नसते आणि भरडलेला माल फरशीवर ठेवला जातो, म्हणजे बिल्ल्यांची गोष्ट पुन्हा बिघडते. या रकान्यालाही मर्यादा हवी, आणि ती बाजारानंतरच्या नव्हे तर बाजाराच्या आदल्या दिवसाच्या हिशोबाने ठरवावी. ज्या गावाचा बाजार ज्या वारी, त्या गावाचे लॉट त्याआधी वाळून भरडले जातील अशा बेताने फरशीवर यावेत अशी क्रमवारी लावली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. बाजाराचे वार मापाड्याला तोंडपाठ असतात, तेव्हा ही क्रमवारी त्याच्याकडेच सोपवावी.

कार्यशाळा कधी आणि कुठे

निधी खर्ची टाकण्यासाठी कार्यशाळा मार्चअखेरीस, तालुक्याच्या सभागृहात, दोन दिवसांची घेण्याची प्रथा आहे. त्या वेळी मिलवर गर्दी ऐन भरात असते, त्यामुळे जी माणसे यायला हवीत ती येत नाहीत, आणि जी येतात त्यांचे लक्ष फोनवर असते. नवी तूर घरात येऊ लागते त्या सुमारास, जानेवारीत, मिलच्या आवारातच अर्धा दिवस पुरेसा आहे : एक तास नाण्यांच्या दोन फेऱ्या, मग फरशी मोजणे, बिल्ले कापणे, रिकाम्या वेळेची यादी करणे आणि एखाद्या सभासदाचा खरा लॉट पहिल्या रकान्यापासून चालवून पाहणे. उरलेला अर्धा दिवस प्रशिक्षकाने गर्दी सुरू झाल्यावर, लाल बिल्ल्यासाठी पहिले भांडण होईल त्या सुमारास परत येण्यासाठी राखून ठेवावा. मोबाइलवरील ॲप पहिल्या हंगामात आणू नये. व्हॉट्सअ‍ॅप गटावर संध्याकाळी बोर्डाचा एक फोटो गेला तरी ‘माझी डाळ झाली का’ असे फोन कमी होतात.

पावसाळ्यापूर्वी भरडाई थांबली की बोर्ड उतरवून ठेवावा आणि तिसऱ्या प्रतींचा गठ्ठा काढावा. बिल्ला मिळाल्यापासून डाळ नेईपर्यंत किती दिवस लागले ते प्रत्येक पावतीवर लिहून पावत्या त्या क्रमाने लावाव्यात, सर्वांत जास्त दिवस लागलेल्या पावत्यांवरील लाल फितीची कारणे वाचावीत, आणि पुढील हंगामात बिल्ले सहा ठेवायचे, पाच करायचे की फरशी वाढवायची, हे संचालक मंडळाने त्या गठ्ठ्यावरून ठरवावे.